परिक्रमेच्या गाडीतील शौचालय : वापर, निगा व दुरुस्ती



चातुर्मास संपत आला की नर्मदा परिक्रमेच्या वाहनयात्रेची नावनोंदणी सुरू होते आणि दरवर्षी कार्यालयात एक प्रश्न अगदी हळू आवाजात विचारला जातो : "गाडीत सोय आहे ना?" विचारणाऱ्या बहुधा ज्येष्ठ भगिनी असतात. सोय नसेल तर त्या काय करतात, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणाला चक्कर येते, कोणाला उन्हाळी लागते आणि यात्रा अर्धवट सोडून परतावे लागते. याच कारणास्तव यात्रेबरोबर शौचालय असलेली कॅराव्हॅन नेण्यास आम्ही आरंभ केला. विषय संकोचाचा आहे खरा. परंतु या संकोचापायीच ते यंत्र नीट समजून घेण्याचे राहून जाते आणि लहानसा बिघाडही साऱ्या गाडीला त्रासदायक होतो. म्हणून हा लेख.

या शौचालयास 'कॅसेट' पद्धतीचे शौचालय म्हणतात. वर नेहमीसारखे बैठे भांडे, त्याच्या तळाशी सरकणारी झडप आणि झडपेखाली एक बंद टाकी, अशी त्याची रचना असते. टाकी गाडीच्या बाहेरील बाजूच्या लहान दरवाजातून ओढून काढता येते. ती साधारणपणे १७ ते २० लिटर मावेल एवढी असते. भांडे धुण्याचे पाणी निराळ्या टाकीतून, गाडीच्या १२ व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या पंपाने येते. खालची टाकी भरत आली की भांड्याजवळचा तांबडा दिवा लागतो. यंत्र म्हणून यात गहन असे काही नाही.

मात्र ही रचना युरोपातील प्रवाशांच्या सवयी ध्यानात घेऊन झालेली आहे, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. तिकडे कागद वापरतात. आपण पाणी वापरतो. प्रत्येक वेळी शुद्धीसाठी अर्धा लिटर पाणी आणि भांडे धुण्यास आणखी अर्धा लिटर धरले, तरी एका वापरास सव्वा ते दीड लिटर सहज होते. म्हणजे १८ लिटरची टाकी बारा ते चौदा वापरांत भरते. दोघांच्या कुटुंबास तिकडे जी टाकी काही दिवस पुरते, ती आपल्या आठ-दहा ज्येष्ठांच्या गाडीत दिवसभरदेखील पुरत नाही. त्यामुळे "दिवा लागला की पाहू" ही पद्धत येथे चालत नाही. आम्ही सकाळी निघण्यापूर्वी व सायंकाळी मुक्कामास पोहोचताच, अशी दोन वेळा टाकी रिकामी करतो. शुद्धीसाठी मोठा तांब्या न ठेवता लहान भांडे ठेवले आहे, त्यामागेही हेच कारण आहे. कृपया त्याबद्दल गैरसमज नसावा.

वापराचा क्रम सोपा आहे. प्रथम भांड्यात थोडे पाणी सोडावे, वापर झाल्यावर झडप पूर्ण उघडावी, भांडे धुवावे आणि पाणी पूर्ण खाली गेल्यानंतरच झडप मिटावी. पाणी असतानाच झडप मिटली तर घाण झडपेच्या कडेस अडकते आणि बहुतेक दुखणी तेथूनच सुरू होतात. गाडी चालू होण्यापूर्वी भांडे कोरडे व झडप मिटलेली असावी.

झडपेभोवती रबरी कडी असते. सर्व शौचालयाची अब्रू या कडीवर आहे, असे म्हटले तरी चालेल. ती स्वच्छ व मऊ राहिली तर वास येत नाही, गळत नाही. ती सुकली, तडकली किंवा तिच्यात खडा अडकला, तर गाडी वळण घेताना खालचे पाणी वर येते. दर यात्रेपूर्वी ओल्या मऊ फडक्याने कडी पुसावी आणि तिला सिलिकॉनचा फवारा द्यावा. येथे आमच्या हातून झालेली चूक सांगतो. एका यात्रेत झडप जड झाली म्हणून आम्ही तिला खोबरेल तेल लावले. दोन दिवस झडप सुरेख सरकली आणि नंतर रबर फुगून ती जागची हलेना. तेल, तूप, व्हॅसलीन यांपैकी काहीही लावू नये. जपून वापरलेली कडीदेखील दोन-तीन वर्षांनी बदलावी. ती बदलणे दहा मिनिटांचे काम आहे.

अमरकंटकास जाताना झडपेशी संबंधित आणखी एक प्रकार घडतो आणि मंडळी घाबरतात. ओंकारेश्वरापासून अमरकंटकापर्यंत आपण सुमारे आठशे ते साडेआठशे मीटर वर चढतो. तेथे बाहेरील हवेचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी कमी असतो. बंद टाकीतील हवा मात्र खालच्या दाबाची राहते. अशा वेळी कोणी एकदम झडप उघडली तर आतील हवा जोराने वर येते आणि शिंतोडे उडतात. उपाय एवढाच, की घाट चढून गेल्यावर प्रथम भांड्याचे झाकण लावावे, झडप बोटभर उघडून हवा सुटू द्यावी आणि मग वापर करावा. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतही असेच होते.

वास येऊ लागला तर कोणी उदबत्ती लावतात. उदबत्तीने वास झाकला जातो, बिघाड तसाच राहतो. वास येण्याची कारणे मोजकीच आहेत : कडी खराब, टाकीत औषध नाही किंवा उष्णतेने ते निकामी झाले, अथवा टाकी रिकामी केल्यावर नीट खळबळली नाही. प्रत्येक वेळी रिकाम्या टाकीत दोन लिटर पाणी व बाटलीवर लिहिलेल्या मात्रेप्रमाणे औषध घालावे. चैत्र-वैशाखात निमाडच्या उन्हात औषध लवकर संपते, हेही ध्यानात असावे. औषध फॉर्माल्डिहाइड नसलेलेच घ्यावे. जुन्या पद्धतीच्या निळ्या औषधात ते असे. धर्मशाळेच्या सेप्टिक टँकमधील मैला ज्या जंतूंमुळे कुजतो, त्यांनाच ते मारते. ज्यांनी आपल्याला आसरा दिला त्यांची टाकी आपण निकामी करावी, हे शोभणारे नाही.

फिनेल, ब्लीचिंग पावडर व बाजारातील शौचालय धुण्याचे आम्ल या तिन्हींस गाडीत पूर्ण मज्जाव आहे. रबर खराब होते हे एक. परंतु ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आले तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. मूत्रात ब्लीच पडले तरी घातक वायू तयार होतात. बंद गाडीत, दम्याच्या रुग्णांच्या शेजारी, हा प्रयोग नको.

आता नेहमीचे बिघाड. पाणी येत नसेल तर प्रथम पाण्याची टाकी पाहावी; ती रिकामी असताना बटण दाबत राहिल्यास पंप जळतो. टाकीत पाणी असेल व पंपाचा आवाज येत नसेल तर फ्यूज तपासावा. तो बहुधा बाहेरील दरवाजाच्या आतल्या कप्प्यात असतो. टाकी रिकामी करूनही तांबडा दिवा विझत नसेल तर आतील तरंगता गोळा क्षारांनी अडकलेला असतो. कोमट पाण्यात सायट्रिक आम्ल, म्हणजे आपले लिंबूफूल, विरघळवून टाकीत घालावे, रात्रभर ठेवावे आणि सकाळी भरपूर पाण्याने धुवावे. टाकी बाहेर निघत नसेल तर जोर लावू नये. झडप किंचितही उघडी असली की टाकी अडकून राहते, आणि ती मुद्दामच तशी केलेली आहे. आत जाऊन झडप पूर्ण मिटावी म्हणजे टाकी सुटते. टाकी बाहेर असताना आतील मूठ कोणी फिरवली असेल तर ती परत बसत नाही; मूठ मिटलेल्या स्थितीत आणावी.

राहिला टाकी रिकामी करण्याचा प्रश्न. परदेशात कॅराव्हॅनच्या तळावर त्यासाठी स्वतंत्र जागा असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. परंतु परिक्रमेच्या मार्गावर मात्र आपली व्यवस्था आपणच पाहावी लागते. २०२३ च्या मार्गशीर्षात एका मुक्कामी धर्मशाळेची सेप्टिक टँक आधीच तुडुंब होती. सकाळी घाई होती. आमच्यापैकीच एकाने टाकी कोरड्या नाल्यात ओतली. हे आम्हांस सायंकाळी कळले. नाला कोरडा होता खरा. पण पावसाळ्यात तो कोठे मिळतो हे सांगण्याची गरज नाही. जिच्या काठाने आपण चालतो, जिचे पात्र ओलांडायचे नाही असा नेम पाळतो, तिच्यातच आपण काय सोडले, याची त्या दिवशी सर्वांना लाज वाटली. ज्याने ते केले त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. कोठे ओतावे, हे आम्ही त्यास आधी सांगितलेच नव्हते.

त्यानंतर प्रत्येक मुक्कामाच्या धर्मशाळेस वा आश्रमास आम्ही आगाऊ पत्र लिहून विचारतो : टाकी आपल्या शौचकूपात रिकामी करू का, आणि सेप्टिक टँकमध्ये जागा आहे का? होकार आला तरच तो मुक्काम ठरतो. वाटेत अडचण आली तर औषध घातलेली भरलेली टाकी बंद करून पुढे न्यावी. यासाठी आम्ही दुसरी रिकामी टाकी बरोबर ठेवतो. नदी, नाला, विहीर व शेताचा बांध येथे ती उघडायची नाही.

भरलेल्या टाकीचे वजन वीस किलोच्या आसपास होते, म्हणून दोघांनी मिळून न्यावी. तोटीचे तोंड खाली केल्यावर हवेचे बटण दाबून धरावे. त्याने धार सरळ पडते व शिंतोडे उडत नाहीत. नंतर दोन वेळा पाणी घालून खळबळून ओतावे. हातमोजे व बादली या कामासाठीच राखून ठेवलेल्या आहेत. पिण्याच्या पाण्याची नळी टाकीस लावू नये. शेवटी साबणाने हात धुवावेत.

हे काम कोणी करावयाचे, असा प्रश्न गेल्या सभेत आला होता. मुक्कामाच्या गावी पन्नास-शंभर रुपये देऊन माणूस सहज मिळतो, असेही एका सदस्यांनी सुचविले. आम्ही त्यास नकार दिला. हाताने मैला वाहून नेण्याच्या कामावर माणूस नेमण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. टाकी बंद असते, तेव्हा हे त्यात बसत नाही, असा युक्तिवाद करता येईल. तो करण्याची आमची इच्छा नाही. गाडीतील सशक्त मंडळींची पाळी लावली आहे आणि पहिले दोन दिवस विश्वस्तांचे आहेत. ज्येष्ठांना यातून सूट आहे. त्यांनी भरपूर पाणी प्यावे, एवढीच विनंती.

यात्रा संपल्यावर दोन्ही टाक्या धुऊन, पूर्ण वाळवून, झडप उघडी ठेवूनच गाडी परत करावी. मिटून ठेवल्यास कडी चिकटते. पाळीचा तक्ता कार्यालयातील फलकावर लावला आहे. ज्यांना आपला दिवस बदलून हवा असेल, त्यांनी प्रस्थानाच्या आठ दिवस आधी कळवावे.