डिस्क घासून घ्यावी की बदलावी?

"दादा, गाडी तशी चांगली आहे ना?"

नाशिकहून नुकतंच आलेलं एक तरुण जोडपं आमची जुनी गाडी बघायला डून लेरीच्या घरी आलं होतं. चहाचा कप खाली ठेवत त्या मुलाने हा प्रश्न विचारला. त्याने तो आधी वहिनींना विचारून पाहिला होता, पण आमच्या सौ.ने माझ्याकडे बोट दाखवून हात झटकले होते. इंजिन उत्तम, क्लच ठीक, टायर मागच्याच वर्षीचे. पण शंभराच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं, हे मला ठाऊक होतं. त्याच्या बायकोच्या मांडीवर आठ महिन्यांचं बाळ झोपलेलं होतं. मी म्हटलं, "पुढच्या ब्रेकच्या डिस्क एकदा पाहतो. आठ दिवस थांबा."

परदेशात आपल्या माणसांची पहिली गाडी बहुधा अशीच ओळखीतून येते. घेणारा बॉनेट उघडून बघत नाही, विकणाऱ्याचा चेहरा बघतो. त्यामुळे विकणाऱ्याची पंचाईत होते.

गॅरेजवाला म्हणाला, दोन्ही डिस्क आणि पॅड बदला. मला पटेना. लेथवर टाकून पातळसा थर काढला (इथे त्याला 'स्किम' म्हणतात) की पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो, मग चांगलं लोखंड भंगारात का घालायचं? माझ्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, आणि ते ड्रम पुण्याला नाना पेठेतल्या लेथवाल्याकडे घासून आणल्याचं मला पक्कं आठवतं. तिथे लोखंड महाग आणि कारागिराचा वेळ स्वस्त होता. इथे नेमकं उलटं आहे. डिस्क काढणं, लेथवर चढवणं आणि परत बसवणं, एवढ्या तासांची मजुरी धरली तर साध्या गाडीची नवी डिस्क फारशी महाग पडत नाही. म्हणून इकडे येताना काटकसर सोबत आणावी, पण तिचं गणित नव्याने मांडावं लागतं.

तरीही पैशाचा हिशोब दुय्यम आहे. आधी ही डिस्क काम काय करते ते बघू.

तेराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असेल, तर तिच्यात सुमारे पाच लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. दीड लिटर गार पाणी उकळीपर्यंत आणायला लागते तेवढी. पाहुणे आले की आपण किटली भरून ठेवतो, तिला दोन-चार मिनिटं लागतात. जोरात ब्रेक मारला तर तेवढीच उष्णता चारेक सेकंदांत तयार होते, आणि तिचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पुढच्या दोन डिस्क गिळतात. दोन्हींचं मिळून वजन दहा किलो धरलं, तर एका थांबण्यात त्यांचं तापमान पाऊणशे अंशांनी वाढतं. पाहुण्यांना ग्लेंडालॉक दाखवायला नेताना सॅली गॅपवरून ग्लेनमॅकनासच्या धबधब्याजवळून लाराकडे उतरायचं असेल, तर ही भर एकावर एक पडत जाते. खंडाळ्याच्या घाटात ट्रकवाले खालचा गिअर टाकून उतरतात ते याचसाठी.

डिस्क बिडाची असते, म्हणजे आपल्या घरातल्या तव्याच्याच जातीची. बिडात ग्राफाइटच्या चकत्या असतात. त्या उष्णता वाहून नेतात आणि कंप शोषतात. जाड तवा हळू तापतो, पातळ तवा लगेच लाल होऊन धिरडं जाळतो. डिस्कची किमान जाडी ठरवण्यामागे मुख्य कारण हेच आहे. ती जाडी डिस्कवरच कोरलेली असते. माझ्या गाडीवर २० मि.मी. होती, आणि नवी डिस्क २२ मि.मी.ची. बावीसातले दोन गेले तर काय मोठंसं, असं वाटतं. पण पुढची डिस्क मधून पोकळ असते. हवा खेळायला जागा सोडून दोन बाजूंच्या चकत्या साधारण सात-सात मि.मी.च्याच उरतात. दोन्हींवरून एकेक मि.मी. गेला म्हणजे घासणाऱ्या लोखंडाचा सातवा हिस्सा गेला. शिवाय डिस्क पातळ आणि पॅडही झिजलेले असले, की कॅलिपरमधला पिस्टन नको तितका बाहेर येतो.

म्हणून 'घासावी की बदलावी' याचं उत्तर मायक्रोमीटर देतो. साधा व्हर्नियर इथे फसवतो. डिस्कच्या कडेला पॅड पोचत नाही, तिथे न झिजलेला काठ उरतो, आणि व्हर्नियरचे जबडे त्या काठावरच टेकतात. टोकदार मायक्रोमीटर नसेल तर दोन्ही जबड्यांखाली एकेक नाणं धरून मोजा आणि मग नाण्यांची जाडी वजा करा. जाडी तपासायला एवढं पुरतं. एका जागी मोजून मात्र भागत नाही. काठापासून सेंटिमीटरभर आत, वर्तुळावर आठ ठिकाणी मोजायचं.

शनिवारी मी चाकं काढून बसलो, मायक्रोमीटर घेऊन. डावी डिस्क २०.७१ ते २०.७४. उजवी २०.६३ ते २०.६८. म्हणजे उजवीत शतांश पाच मि.मी.चा चढउतार. एवढ्याशा फरकाने काय होणार? पण दोन शतांशांच्या आसपासच स्टिअरिंग थरथरू लागतं. चाकाचा घेर १.९ मीटर धरला तर ताशी १०० किलोमीटरला ते सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं, आणि दर फेरीला जाड जागा पॅडखाली आली की ब्रेकचा जोर वाढतो. यंत्रांच्या कंपनांवर प्रबंध लिहिलेल्या माणसाने हे वेळेवर ओळखायला हवं होतं.

ओळखलं नव्हतं. याच गाडीला तीन वर्षांपूर्वी अशीच थरथर सुरू झाली होती. 'डिस्क वाकली' असं म्हणण्याची पद्धत आहे, तसंच मीही म्हटलं आणि दोन्ही डिस्क घासून आणल्या. सहा महिने झकास गेले, मग थरथर परत आली. प्रत्यक्षात डिस्क क्वचितच वाकते. डिस्क ज्या हबवर बसते त्या हबवर गंजाचा पापुद्रा होता, आणि तो मी साफ केला नव्हता. हबपाशी केसाच्या निम्म्या जाडीचा कण असला तरी डिस्कच्या काठाशी तो फरक दुप्पट होतो. डिस्क किंचित तिरकी फिरते, ब्रेक न दाबताही दर फेरीला पॅडला एकाच जागी चाटून जाते, आणि हजारो किलोमीटरनंतर ती जागा पातळ होते. लेथने लक्षण गेलं, रोग हबवर तसाच राहिला. वर अर्धा मि.मी. लोखंड फुकट गेलं, आणि आज तेच कमी पडत होतं.

आता हिशोब सोपा होता. उजवी डिस्क सपाट करायला दोन्ही बाजूंनी पाव-पाव मि.मी. काढावा लागला असता. २०.६३ मधून अर्धा गेला की २०.१३. कागदावर पास. पण पॅडचा नवा संच संपेपर्यंत डिस्कही झिजते, आणि शतांश तेरा मि.मी. त्याला पुरणार नाही. एका डिस्कने भागत नाही, एका आसावरच्या दोन्ही सारख्याच हव्यात. जाडी साडेएकवीस असती तर मी हब घासून, डायल गेजने डोल मोजून, बिनदिक्कत लेथवर पाठवल्या असत्या. भेगा किंवा निळे डाग दिसले तर मात्र जाडी असूनही नाही. अति तापून निळसर झालेल्या जागी बिडाचं रूप बदलून ते कडक होतं, लेथचं हत्यार त्यावरून उडी मारतं, आणि महिन्याभरात तो उंचवटा पुन्हा डोकं काढतो.

कोणी म्हणेल, एनसीटी आहे की! २००० सालापासून ही चाचणी इथे सुरू आहे, आणि आमची गाडी डीन्सग्रेंजच्या केंद्रात बिनबोभाट पास झाली होती. तिथे रोलरवर ब्रेकचा जोर मोजतात आणि एका आसावरच्या दोन चाकांत तीस टक्क्यांहून जास्त तफावत असली तर नापास करतात. चाक काढून डिस्कची जाडी कोणी मोजत नाही.

आमच्या गावात गंजाचं प्रकरण जरा जास्तच आहे. आम्ही शहरात डार्टने जातो, गाडी आठवडाभर खाऱ्या वाऱ्यात उभी. पावसानंतर डिस्कवर येणारा तांबूस थर दोन-चार ब्रेकमध्ये जातो, त्याला घाबरू नये. खड्डे पडलेला, पॅड पोचत नाही असा खरखरीत पट्टा मात्र वाईट, आणि तो बहुधा मागच्या डिस्कच्या आतल्या बाजूला, न दिसणारा असतो. विजेच्या गाड्यांत हे अधिक होतं, कारण त्या बराचसा वेग बॅटरीत परत घालतात आणि डिस्कला कामच उरत नाही. कल्पना जुनीच म्हणायची. १८१७ पासून इथलं बंदर बांधताना डॉकीच्या खाणीतला ग्रॅनाइट 'द मेटल्स' या वाटेने खाली येई, आणि उतरणाऱ्या भरल्या वाघिणी साखळीने रिकाम्यांना वर ओढत. विजेची गाडी घेतलेल्यांनी आठवड्यातून एकदा, मागे कोणी नसताना, चार-सहा ब्रेक जरा खणखणीत मारावेत.

शेवटी मी दोन नव्या डिस्क आणि पॅड आणले. हब तारेच्या ब्रशने चकचकीत केला, डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसलं, डोल मोजला, नट टॉर्क पान्याने आवळले. रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर पन्नासवरून पंधरापर्यंत दहा वेळा हलके ब्रेक मारले, मध्ये गार व्हायला वेळ देत. गरम डिस्कवर पॅड दाबून उभं राहायचं नाही, नाहीतर तिथेच पॅडचा छाप उमटतो आणि थरथर पुन्हा पहिल्यापासून.

खर्च गाडीच्या किमतीत धरायचा का, यावर घरात चर्चा झाली. सौ. म्हणाली, "तीन वर्षांपूर्वीची चूक तुझी, त्यांनी का भरायचं?" नाही धरला.

जोडपं गाडी न्यायला आलं तेव्हा मुलाच्या हातात किल्लीबरोबर एक कागद दिला: तारीख, किलोमीटर, दोन डिस्कचे आठ-आठ आकडे आणि खाली अधोरेखित २०. त्याने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "दादा, मायक्रोमीटर कुठे मिळतो?" मी आतून माझाच आणून दिला, परत करायच्या बोलीवर.