‘त्झूरान’ : ताओवादी विचारातील निसर्गाचा अन्वयार्थ

ताओवादी साहित्यातील पाणी, दरी, वृक्ष आणि मासे यांचे उल्लेख बहुधा निसर्गप्रेमाचा पुरावा म्हणून पुढे केले जातात. माणसांच्या गजबजाटापासून दूर जाऊन डोंगरदऱ्यांत शांती शोधावी, हाच या साहित्याचा आशय असल्याचा समज त्यातून रूढ झाला आहे. तो अपुरा आहे आणि त्याचे एक कारण ‘त्झूरान’ या संज्ञेच्या भाषांतरात सापडते.

‘त्झूरान’चा शब्दशः अर्थ ‘आपणहून तसे असलेले’ असा होतो. आधुनिक चिनी भाषेत हा शब्द ‘निसर्ग’ या अर्थाने येतो. परंतु पाश्चात्त्य संकल्पनेचा पर्याय म्हणून तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर, जपानी वापराच्या प्रभावाने रूढ झाला. प्राचीन ग्रंथांत दृश्य सृष्टीसाठी ‘आकाश-पृथ्वी’, ‘दहा हजार वस्तू’ असे वेगळे शब्दप्रयोग आढळतात. ‘ताओ-ते-चिंग’च्या २५ व्या प्रकरणात माणसापासून ताओपर्यंत अनुसरणाची चढती साखळी मांडली असून तिच्या अखेरीस त्झूरान येते. तेथे ‘निसर्ग’ हा अर्थ घेतल्यास ताओहून श्रेष्ठ असे आणखी एक तत्त्व मानावे लागते. ‘आपणहून असणे’ हा अर्थ घेतल्यास ताओला बाहेरचा नियंता नाही, एवढेच सुचवले जाते.

हे लक्षात घेतले म्हणजे पाण्याच्या प्रतिमेचे स्वरूप स्पष्ट होते. ८ व्या आणि ७८ व्या प्रकरणांत पाण्याचे सौंदर्य वर्णिलेले नाही; त्याची वर्तनरीती वर्णिली आहे. ते सखल जागा पत्करते आणि मऊ असूनही कठीणावर मात करते. ‘वू-वेई’ म्हणजे निष्क्रियता नसून बळजोरीविना घडणारी कृती होय, हे या प्रतिमेवरून ध्यानात येते. १९९३ मध्ये हूबेई प्रांतातील ग्वोद्यान येथील थडग्यात इ. स. पू. ३०० च्या सुमाराच्या बांबूपट्ट्या सापडल्या. त्यांत ‘ताओ-ते-चिंग’मधील अंशांसोबत एक विश्वोत्पत्तिपर संहिताही आहे. तीत परम एकापासून प्रथम पाणी उत्पन्न होते आणि पुढे तेच पाणी आकाशाच्या निर्मितीत त्या एकाला साहाय्य करते. या संहितेत तरी पाणी केवळ दृष्टान्तापुरते उरत नाही.

‘च्वांग-त्झू’ या ग्रंथात हाच विचार कथारूप घेतो. त्याच्या १९ व्या प्रकरणात प्रचंड धबधब्याखालच्या प्रवाहात पोहणारा एक मनुष्य कन्फ्यूशियसला दिसतो. त्याच्यापाशी कोणतीही गुप्त विद्या नाही. स्वतःची इच्छा न लादता तो पाण्याच्या गतीबरोबर जातो. ४ थ्या प्रकरणातील विशाल वृक्ष सुताराच्या दृष्टीने निरुपयोगी आहे आणि म्हणूनच तो दीर्घायुषी झाला आहे. उपयुक्ततेचा मानवी निकष वस्तूचे स्वत्व ठरवू शकत नाही, हे या कथेचे मर्म होय.

तथापि, या सृष्टीकडून सांत्वनाची अपेक्षा ठेवता येत नाही. ‘ताओ-ते-चिंग’च्या ५ व्या प्रकरणात आकाश-पृथ्वीला वात्सल्य नाही, यज्ञविधीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या गवती कुत्र्यांसारखीच सर्व वस्तूंची गत आहे. माणसाच्या सुखदुःखाशी समरस होणारा स्वच्छंदतावादी कवितेतील निसर्ग आणि ही पक्षपातरहित सृष्टी यांत मूलभूत भेद आहे. तुलनात्मक अध्यापनात हा भेद पुसला गेल्यास दोन्ही परंपरांचे आकलन सदोष होते.

मराठी अभ्यासकाला हा अर्थभेद उमगणे कठीण नाही. ‘निसर्ग’ या संस्कृत शब्दाचा जुना अर्थही ‘जन्मजात स्वभाव’ असाच आहे. ‘निसर्गतः’ या क्रियाविशेषणात तो अद्याप टिकून आहे. ‘सहज’ हा शब्द त्झूरानच्या अधिक जवळचा वाटतो, परंतु त्याच्यामागे सिद्ध-नाथ परंपरेचा स्वतंत्र साधनाविचार असल्याने तो जपूनच योजावा लागतो. ताओवादी अध्यात्म निसर्ग पाहण्यात संपत नाही. पाणी जसे वाहते तसे वागता येणे, ही त्याची कसोटी आहे. अरण्यात गेलेला, पण स्वतःचा आग्रह न सोडलेला मनुष्य या कसोटीला उतरत नाही.