बोकड काट्यावर विकायचा, की वाटे घालायचे?



आषाढ लागला की व्यापारी मोटारसायकलवरून गोठ्यागोठ्यात डोकवायला लागतात. पुढे श्रावणात बऱ्याच घरांत मटण शिजत नाही, म्हणून त्याच्या आधीच्या पंधरवड्यात बोकडाला गिऱ्हाईक जोरात असतं. याच दिवसांत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, व्यापाऱ्याला कशाला द्यायचा? मुलाण्याला बोलावू, आपणच वाटे घालू." आज त्याचंच गणित मांडूया. कागद-पेन्सिल घ्या, नाहीतर शाळेतल्या लेकीला शेजारी बसवा.

पहिली गोष्ट वजनाची. व्यापारी बोकडाच्या पाठीवर हात दाबतो, कमरेला धरून थोडा उचलतो आणि उक्ता आकडा सांगतो. त्याचा हात रोजचा आहे, त्याला किलोचा अंदाज बरोबर येतो. आपल्याला येत नाही, म्हणून आपण त्याचा आकडा ऐकून घासाघीस करतो. शेळी आपण सांभाळायची, पाला आपण आणायचा, पिल्लाला रात्री उबेला आपण घ्यायचं आणि शेवटी वजन त्याने सांगायचं, हे मला पटत नाही.

गटात टांगता काटा असेल तर उत्तमच. नसेल तर शिवणकामाचा टेप चालतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजा. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून शेपटीजवळच्या बसण्याच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि भागिले ६६०. उत्तर किलोत येतं. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर २८ गुणिले २८ गुणिले २६ म्हणजे २०,३८४. त्याला ६६० ने भागलं की जवळजवळ ३१ किलो. किलो-दोन किलो इकडेतिकडे होईल, पण उक्त्या भावात याहून जास्त जातं. मोजताना बोकड सपाट जागी सरळ उभा हवा आणि पोट चरून फुगलेलं नको, सकाळी मोजा.

आता या ३१ किलोच्या बोकडाचं मटण किती निघेल? कातडं, मुंडी, पाय, रक्त, पोटातला चारा सगळं वजा जातं. शेळीच्या जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण पडतं. आपण १४ किलो धरू. काळीज, गुर्दे, दिल मिळून आणखी एक किलो. मटणाचा भाव समजा ७०० रुपये किलो, म्हणजे १५ किलोचे १०,५०० रुपये. मुंडी आणि पाय ७००, वजडी २००. एकूण ११,४००. कापणाऱ्याची मजुरी ५००, पिशव्या-बर्फाला १००. हातात राहिले १०,८००. हे भाव समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या बाजाराचे आकडे घालून बघा.

व्यापारी उक्ते ९,५०० देत असेल तर वाटे परवडले. पण तोच बोकड कोणी काट्यावर ३५० रुपये किलोने घेतला तर १०,८५० रुपये येतात, तेही सुरीला हात न लावता. म्हणून मी माझ्या गटांना एक सोपा हिशेब सांगते. जिवंत वजनाला मटणाच्या भावाच्या निम्मा भाव मिळत असेल तर बोकड काट्यावर जाऊ द्या. निम्म्याच्या बराच खाली असेल तर वाट्याचा विचार करा. बकरी ईदच्या आधीची गोष्ट वेगळी. तेव्हा वर्षाच्या पुढचा, निर्दोष, देखणा बोकड रूपावर विकला जातो. त्याला कापून विकणं म्हणजे नुकसानच.

या हिशेबात दोन खर्च लपून बसतात. एक म्हणजे कापणाऱ्याची मजुरी. कित्येक गावांत तो पैसे थोडे घेतो आणि मुंडी, कातडं किंवा एक वाटा नेतो. यात गैर काही नाही, जुनी रीत आहे आणि कसबाचं काम आहे. पण त्या मुंडीची किंमत मजुरीत लिहा. ५०० आणि वर मुंडी म्हणजे ५०० नव्हे. दुसरा खर्च आपल्या कष्टांचा. वजडी उलटी करून धुणं, गरम पाण्याने खरवडणं, मुंडी-पाय जाळावर भाजून केस काढणं, हे सगळं बायकांकडे येतं आणि कुणी मोजत नाही. दोघींचा अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाची खुरपणीची मजुरी काय पडली असती, तेवढी हिशेबातून वजा करा आणि त्या दोघींना द्या. एवढं करून शिल्लक राहत असेल तरच धंदा.

वाटे घालायचं ठरलंच तर सगळा खेळ आदल्या दिवशीचा. पाऊण किलोचे २० वाटे पडणार असतील तर २० नावं आधी लिहा आणि पैसे आदल्या संध्याकाळीच घ्या. १४ नावं झाली असतील तर बोकड कापू नका. "उरलेलं खपेल" हे मटणाला लागू नाही, दुपार झाली की तेच मटण मागेल त्या भावाला द्यावं लागतं. उधारी तर नकोच. मटण खाऊन झाल्यावर पैसे मागायला गेलेली बाई सगळ्यांना वाईट दिसते, आणि नात्यातला माणूस तर हमखास बुडवतो. वाटे घालताना प्रत्येकात रान, चाप, बरगडी, चरबी, काळीज थोडं थोडं पडू द्या आणि वाटा तराजूत तोला. नजरेने लावलेल्या वाट्यांवरून भांडणं होतात.

सुरी कुणी धरायची? माझं मत स्पष्ट आहे, कापायला हात बसलेला माणूसच बोलवा. एक चुकीचा छेद गेला आणि पित्ताची पिशवी फुटली की काळीज कडू होतं. आतडं फाटलं तर घाण मटणाला लागते. वाचवलेले ५०० तिथेच जातात. आपलं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आदल्या रात्रीपासून चारा बंद, पाणी मात्र चालू. कातडं काढायची सुरी आणि मटणाची सुरी वेगळी. केसाची बाजू मटणाला लागू देऊ नका. उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन तासांच्या आत मटण चुलीवर, नाहीतर फ्रीजमध्ये. कोंबडीचं मात्र घरीच करायला हरकत नाही, ते बहुतेकींना येतंच.

काही जनावरं कापायचीच नाहीत. अचानक मेलेलं आणि नाकातून, गुदद्वारातून काळं न गोठणारं रक्त आलेलं जनावर काळपुळीचं, म्हणजे अँथ्रॅक्सचं असू शकतं. त्याला सुरी तर नाहीच, हातही लावू नका, पशुवैद्यकाला बोलवा. आजारी बोकड "मरण्यापेक्षा कापलेला बरा" म्हणून कापू नका. नुकतंच इंजेक्शन झालं असेल तर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरला विचारा.

कायद्याचंही थोडं ऐका. नगरपालिकेच्या हद्दीत मान्यता असलेल्या कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. २००१ च्या केंद्राच्या नियमांत गाभण शेळी किंवा तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली शेळी कापायलाही मनाई आहे. कायम विक्री करायची तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ग्रामपंचायतीत आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी चौकशी करा. जंगलाकडेच्या गटांतून ससा, रानडुक्कर, भेकर यांच्या वाट्यांबद्दल विचारतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा आहे. ते मटण विकत घेणं, घरात ठेवणं हासुद्धा गुन्हाच. पिकात डुक्कर शिरलं तर वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज करा, वाट्यात नाव घालू नका.

शेवटी पोट फाडल्यावर काळीज आणि फुप्फुस नीट बघा. पाण्याने भरलेले पांढरट फोड दिसले तर तो भाग कुत्र्याला टाकू नका. त्या फोडांतले जंत कुत्र्याच्या पोटात वाढतात, त्याच्या विष्ठेतून अंडी अंगणात पडतात, आणि अंगणात खेळणाऱ्या पोराच्या हातावरून तोंडात जातात. माणसाच्या काळजातही तसेच फोड होतात, ऑपरेशनची पाळी येते. तो भाग जाळा, नाहीतर कमरेइतक्या खोल खड्ड्यात पुरून वर मोठे दगड ठेवा.