घरगुती लिलावांत खेळाडूचें मोल कसें ठरवावें

2022 च्या फेब्रुवारींत बंगळुरास आयपीएलचा लिलाव झाला, तेव्हां आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकर या तरुण गोलंदाजाचें नांव पुकारलें गेलें. मूळ बोली तीस लाखांची. चेन्नईच्या संघानें त्यास दीड कोटींस घेतलें. आम्हां ढोकीकरांस आनंद झाला, हें सांगणें नको. परंतु दीड कोटीच कां, ऐंशी लाख कां नव्हे, या प्रश्नाचा उलगडा केवळ आनंदानें होत नाहीं.

अमेरिकेंतील बेसबॉलच्या रसिकांनीं हा प्रश्न घरगुती खेळासाठीं सोडविला आहे. 1980 सालीं डॅनियल ओक्रेंट व त्यांचे मित्र यांनीं न्यूयॉर्कांत काल्पनिक संघांचा डाव मांडला. ज्या फ्रेंच उपाहारगृहांत ते जमत, त्यावरून या डावास ‘रोटिसरी’ हें नांव पडलें. पुढें रूढ झालेला नियम असा, कीं प्रत्येकापाशीं 260 डॉलरची थैली, आणि तींतून लिलावानें 23 खेळाडू घ्यावयाचे; खऱ्या सामन्यांत त्यांनीं जें मिळविलें, तें आपल्या खातीं जमा.

आपण हा डाव क्रिकेटचा मांडूं. आठ गडी, प्रत्येकापाशीं शंभर चिंचोके, प्रत्येकाचे अकरा खेळाडू. (पैसा लावूं नये. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्यानें बंदी घातली आहे, आणि चिंचोक्यांनीं डाव तितकाच रंगतो.) एकूण चिंचोके 800, खेळाडू 88. कोणासही एकाहून कमी किंमत देतां येत नाहीं; म्हणून 88 बाजूस काढले. चढाओढीस उरले 712.

आतां मर्माची गोष्ट. बाजारांत उस्मानाबादी शेळी घेणारा केवळ ती किती दूध देते हें पाहत नाहीं. ती सोडली तर पुढची कशी मिळेल, हें पाहतो. खेळाडूचेंही तसेंच. आठ संघांस आठ यष्टिरक्षक लागतात. म्हणून नववा, जो कोणीच घेणार नाहीं, तो यष्टिरक्षकांचा पाया. फलंदाज चाळीस लागत असतील, तर एकेचाळिसावा हा त्यांचा पाया. मागील हंगामांवरून प्रत्येकाच्या गुणांचा अंदाज करावा, पायाचे गुण वजा करावे, आणि जें आधिक्य उरेल त्याचेंच मोल द्यावें.

सर्व 88 जणांचें आधिक्य मिळून, समजा, 3560 गुण भरले. त्यांसाठीं 712 चिंचोके. म्हणजे पांच गुणांस एक. एका यष्टिरक्षकाचा अंदाज 300 गुणांचा व त्याचा पाया 220 चा असेल, तर आधिक्य 80, त्याचे सोळा चिंचोके, आणि मूळचा एक धरून सतरा. दुसरीकडे 400 गुणांचा फलंदाज घ्या. फलंदाजांचा पाया 350 चा असेल, तर त्याची किंमत अकराच! अधिक गुणांचा गडी स्वस्त कसा, असें विचारणाऱ्यानें पन्नास शेळ्यांचा बाजार व दोन शेळ्यांचा बाजार मनांत आणावा.

हा आंकडा लिलावापूर्वींच कागदावर लिहून ठेवावा. बोली चढूं लागली म्हणजे शहाणीं माणसेंही भान विसरतात, आणि आपल्या जिल्ह्यांतल्या पोराचें नांव निघालें तर विचारूंच नका. हंगरगेकरासाठीं कोणी पांच चिंचोके जास्त मोजले, तर मोजो बापडा. मात्र ते मायेच्या खातीं लिहावे, हिशेबाच्या नव्हे.

लिलाव चालू असतां कागद पुन्हां तपासावा लागतो. पहिले दहा खेळाडू आपल्या यादीप्रमाणें 200 चे होते, आणि लोकांनीं 250 दिले असें समजा. आतां सर्वांपाशीं मिळून 550 उरले, पण यादींत माल आहे 600 चा. उरलेल्या 78 खेळाडूंचा एकेक चिंचोका दोहोंकडून वजा केला, तर 522 च्या मालास 472 च चिंचोके, म्हणजे सुमारें नऊ दशांश. मघांचा सतराचा यष्टिरक्षक अजून शिल्लक असेल, तर तो आतां पंधरांच्या आसपास पडावा. तेव्हां पहिल्या घाईंत हात आंखडून बसावें, आणि सोळाची बोली कोणी लावली तर त्यास खुशाल नेऊं द्यावें.