दगडी कुंडांचे मोल

इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यातील ईस्ट मिऑन या खेड्याच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे एक काळे दगडी कुंड आहे. बाराव्या शतकात ते आजच्या बेल्जियममधील तूर्ने येथे घडले आणि समुद्रापलीकडून येथवर आले. एवढा वजनदार दगड परदेशाहून आणण्याचा खर्च कशासाठी सोसला गेला, हा प्रश्न निव्वळ अर्थशास्त्राने सुटणारा नव्हे. कुंडाच्या एका बाजूस नंदनवनातून घालविलेला आदम देवदूताकडून जमीन खणावयास शिकत आहे. शेजारी ईव्ह सूत कातते आहे. निरक्षर शेतकऱ्याला तेथे आपलेच जिणे दिसले असेल.

१६४४ साली पार्लमेंटने अशी कुंडे हटविण्याचा हुकूम काढला. काहींवर मग गुरे पाणी पिऊ लागली. आजचे संकट निराळे आहे. भाविक घटत असून चर्चे बंद पडत आहेत. इप्सविचच्या सेंट पीटर चर्चमध्ये आता संगीताचे कार्यक्रम होतात, मात्र तूर्नेचेच, सिंह कोरलेले कुंड तेथे जागेवर ठेवले आहे. हा शहाणपणा सर्वत्र दाखविला जावयास हवा. संग्रहालयात दगड सुरक्षित राहील, हे खरे; पण त्याचे गाव सुटेल. बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा इंग्लंडमध्ये निघाली ती १५३८ साली. त्यापूर्वी ईस्ट मिऑनमध्ये जन्मलेल्या बहुतेक सामान्य माणसांची नावे कोठेच उरलेली नाहीत; त्यांना ज्या कुंडापाशी आणले गेले, ते तेवढे उरले आहे.