यात्रेतील मुका सोबती
कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला, की घाटकोपरच्या कुटुंबांत यात्रेचे बेत सुरू होतात. पूर्व द्रुतगती महामार्ग जवळच, त्यामुळे नाशिकची वाट सोपी. अडचण असते ती घरच्या श्वानाची. धर्मशाळेत त्याला सहसा थारा नसतो. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. अशी गाडी स्नेह्यांसह भाड्याने घेतल्यास श्वानही बरोबर येऊ शकतो, मात्र त्याची परवानगी आधीच विचारावी. गाडीतच स्वयंपाकघर असल्याने उकळलेले पाणी आणि चौविहारही सांभाळला जातो. (हॉटेलातील ‘जैन’ भाजीची खात्री कोणी द्यावी?)

खरी कसोटी दर्शनाच्या वेळी लागते. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध आणि अन्नपाननिरोध सांगितले आहेत. बंद गाडीत कोंडलेल्या श्वानाच्या वाट्याला दोन्ही येतात. माणसासारखा घाम त्याला येत नाही; धापा टाकूनच तो अंग निववतो, आणि उन्हातील गाडी काही मिनिटांत तापते. मरणोन्मुख श्वानाच्या कानी णमोकार मंत्र उच्चारण्यासाठी जीवंधरकुमार थांबले होते. म्हसरूळच्या गजपंथावर तर फक्त पाळी लावायची आहे. एकाने पायथ्याशी सावलीत, पाण्याचे भांडे घेऊन श्वानाजवळ बसावे. इतर दर्शन करून उतरले, की त्याने चढावे.