हिरोभोवतीचे तिघे

व्हिन्सेंट चेस चांगला नट आहे का? 'आँटुराज' ही अमेरिकन मालिका ९६ भाग चालली, पण सगळे भाग बघूनही या प्रश्नाचं छातीठोक उत्तर देता येत नाही. कारण हॉलिवूडचा हा उगवता हिरो कॅमेऱ्यापुढे काम करताना क्वचितच दिसतो. दिसतात त्या गाडीतल्या गप्पा, उशिराचा नाश्ता, एजंटचे फोन आणि कुठला सिनेमा घ्यायचा यावरची न संपणारी वादावादी. एचबीओवर २००४ ते २०११ या काळात आठ पर्वं चाललेल्या या विनोदी मालिकेची ही रचना मला आजही थक्क करते. गोष्ट प्रसिद्धीची, आणि माणूस ज्या कामामुळे प्रसिद्ध झाला ते कामच पडद्याबाहेर!

मधली जागा अशी मोकळी ठेवल्यामुळे नजर आपोआप त्याच्याभोवतीच्या तिघांकडे वळते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एकत्र वाढलेली ही पोरं. एरिक पिझ्झाच्या दुकानात मॅनेजर होता, आता तो व्हिन्सच्या पटकथा वाचतो. टर्टल गाडी चालवतो, पडेल ते काम करतो. तिसरा व्हिन्सचा मोठा भाऊ जॉनी, सगळे त्याला 'ड्रामा' म्हणतात. चौघं एकाच घरात राहतात आणि खर्च व्हिन्स करतो. ज्याच्या पैशावर आपलं घर चालतं त्याला 'तुझा निर्णय चुकतोय' असं तोंडावर सांगायचं कसं? मालिकेचा सगळा ताण मला या एका प्रश्नात दिसतो. एरिक ते सांगतो, म्हणून व्हिन्सला तो हवा असतो. आणि सांगतो म्हणूनच दोघांचं वाजतंही. मैत्रीत हिशेब आला की मैत्री मोडते, असं आपण धरून चालतो. इथे हिशेब पहिल्या दिवसापासून आहे आणि तरीही ती टिकते.

निर्माता-लेखक डग एलिन यांनी हे हवेतून आणलेलं नाही. मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक असलेला अभिनेता मार्क वॉलबर्ग बॉस्टनचा. तिथली दोस्तमंडळी त्याच्याबरोबर हॉलिवूडमध्ये वावरायची, बीज तिथलंच. एजंट आरी गोल्डचा मूळ नमुना आरी इमॅन्युएल हा खराखुरा एजंट. फोनवर आग ओकणाऱ्या, पण व्हिन्सवर जीव असलेल्या या आरीच्या भूमिकेसाठी जेरेमी पिव्हनला २००६ ते २००८ अशी सलग तीन वर्षं एमी पुरस्कार मिळाला.

खरं-खोटं असं एकमेकांत मिसळण्याची कमाल 'ॲक्वामॅन'मध्ये आहे. मालिकेत व्हिन्स हा सिनेमा करतो तो जेम्स कॅमेरॉनच्या दिग्दर्शनाखाली, आणि कॅमेरॉन स्वतःच स्वतःची भूमिका करतो! सिनेमा तिकीटबारीवर विक्रम मोडतो. तेव्हा ही निव्वळ कल्पना होती. खरा 'ॲक्वामॅन' आला २०१८ मध्ये, वेगळ्या नटाला आणि वेगळ्या दिग्दर्शकाला घेऊन, आणि जगभरात त्याने १०० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली.

बायकांच्या बाबतीत ही मालिका कमी पडते. चौघांच्या घरात येणाऱ्या बहुतेक मुली शोभेपुरत्या येतात, नावही लक्षात राहण्याआधी जातात. मैत्रीची इतकी बारीक जाण असलेल्या लेखकांना ते दिसू नये, याचं वाईट वाटतं.

मला सगळ्यांत जास्त ओढ लागते ती ड्रामाची. 'व्हायकिंग क्वेस्ट' नावाच्या जुन्या मालिकेतला तो नायक. ती मालिका लोक विसरले, तो विसरलेला नाही. आता तो बारीकसारीक भूमिकांसाठी ऑडिशनला जातो, घरी येऊन सगळ्यांसाठी मनापासून स्वयंपाक करतो. धाकट्या भावाचं यश त्याला अभिमानाचं वाटतं आणि सलतंही, दोन्ही एकाच क्षणी. ड्रामाच्या भूमिकेत केव्हिन डिलन हे इतकं खरं करतो की हसता हसता पोटात तुटतं. हा केव्हिन म्हणजे अभिनेता मॅट डिलनचा सख्खा भाऊ. प्रत्यक्षात मोठा मॅट, आणि आधी नाव झालं तेही त्याचंच. मालिकेने नातं उलटं केलं, धाकट्याला थोरला बनवलं. प्रसिद्ध भावाच्या शेजारी उभं राहणं म्हणजे काय, हे मात्र केव्हिनला कुणी शिकवावं लागलं नसेल.